विषय क्रमांक चार

अपर थ्रॅपल ग्रामपरिषद, मंगळवार, संध्याकाळी सात.
चॅपलच्या मागच्या खोलीत
सभासद नऊ, प्रेक्षक बावीस, बिस्किटं अठरा.
(पहिला तंटा तिथेच झाला, पण तो नोंदीत नको.)
चिटणीस: मी. पेन निळं, नखांत माती.

विषय एक ते तीन चुटकीसरशी संपले:
बाकाला रंग, घंटेला तेल,
कावळ्यांचं काही करता येत नाही.
मग अध्यक्ष क्रॅबट्री यांनी चष्मा पुसला.
"चौथा," म्हणाले. "घोडे."
सगळ्या खुर्च्या एकदम पुढे सरकल्या.

डेरेक पॉमफ्रेट उठले. गेल्या ईस्टरला लीड्सहून आलेत;
घर नवं, गाडी नवी, विजेवरची, मांजरीच्या पावलांची.
"मी कर भरतो. घोडा काय भरतो?
दिवा नाही, विमा नाही, नंबरप्लेट नाही,
आणि वळणावर त्याची पिछाडी अशी समोर येते
की माणसाला आपली सगळी पापं आठवतात."

हिल्डा ऑक्सेनफोर्ड (वय एकाहत्तर; घोडी डचेस, वय सव्वीस)
उभ्या राहिल्या नाहीत. त्या बसूनही उंचच दिसतात.
"डचेसला डोळे दोन आहेत, फोन एकही नाही.
ती पिऊन रस्त्यावर येत नाही.
मला डुलकी लागली तर घरी आणून सोडते.
तुमची गाडी सोडेल?"
"सोडेल," पॉमफ्रेट म्हणाले, "पुढच्या मॉडेलमध्ये."
"मग बघा वाट. आमचं पाच हजार वर्षं हेच मॉडेल आहे."
टाळ्या. अध्यक्षांनी थांबवल्या.
सौ. क्रॅबट्रींनी पुन्हा सुरू केल्या.

नायजेल थ्वेट, सायकलवाले,
कपडे इतके घट्ट की श्वासही विचारून घेत असावेत,
म्हणाले, "लीद चाकातून उडते. थेट तोंडात."
"मग तोंड मिटून चालवा," मागून आवाज.
कोणाचा, ते लिहू नका असं मला बजावण्यात आलं.
सेथ मेटकाफ यांचा.

मग एल्स्पेथ, पार्सलच्या व्हॅनवाली:
"दिवसाला एकशे चाळीस खोकी, आणि समोर डचेस.
मैलभर मागे मागे, पहिल्या गिअरमध्ये.
आधी चिडले. मग काच खाली केली
तर ओढ्यावर खंड्या बसलेला, निळाशार.
बारा वर्षं जाते इथून,
इथे ओढा आहे हेच मला ठाऊक नव्हतं."
खोली गप्प झाली. किटलीसुद्धा.
"तरी बंदी घालाच," ती म्हणाली. "माझा बोनस गेला."

पुढे घोडं पेंड खाऊ लागलं ते मालकीपाशी:
रस्त्यात पडलेली लीद कोणाची?
"पडेपर्यंत डचेसची," हिल्डाबाई, "पडल्यावर सरकारची."
"उतरून उचला की!"
"उतरेन. परत चढवायला चौघं पाठवा."
शेपटीखाली पिशवी बांधण्यासाठी समिती नेमावी, असं ठरलं.
समितीसाठी एकही हात वर झाला नाही.

"पण मला सांगा," मेबल हॉथर्न हळूच म्हणाल्या,
"लीद दिसते तरी कुठे?
सकाळी सातच्या आत रस्ता लख्ख असतो."
सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.
चिटणिसाने मान खाली घालून लिहिणं चालू ठेवलं.

मतदान: बंदीच्या बाजूनं चार, विरुद्ध चार,
एक सभासद झोपलेले.
अध्यक्षांनी झोपलेल्यांचा कौल ग्राह्य धरला.
ठराव: वळणावर पाटी लावावी, "घोडे. सावकाश."
हे कोणाला उद्देशून, ते स्पष्ट करू नये.

बाहेर डचेस पॉमफ्रेटांच्या गाडीला टेकून
उभ्या उभ्या झोपली होती.
उठवायला कोणी धजेना. पॉमफ्रेट पायी गेले.

तेरा वर्षं मी हे कागदी घोडे नाचवतोय.
गुणी जात: बिचकत नाहीत, चावत नाहीत,
रस्ता अडवत नाहीत, चाराही मागत नाहीत.
पण माझे भोपळे, जत्रेत सलग तीन वर्षं पहिले आलेले,
ते काही कागदावर पोसलेले नाहीत.
बादली दाराशी आहे. फावडं बादलीत.
गजर सहाचा.

(शेवटचं कडवं इतिवृत्तातून वगळावं.)