बर्फात पंचेचाळीस

दीपनगरच्या चिमण्यांकडून वारा आला
की फेकरीत कुणी पांढरं वाळत घालत नाही.
म्हणून फिरके बाबांच्या घरी ड्रायर आहे,
नाहीतर भुसावळच्या मे महिन्यात
कपडे वाळवायचं मशीन घेणं म्हणजे
तापीत टँकरनं पाणी ओतणं.

"तीन मिनिटं फिरतं नि म्हणतं, झालं,"
हेमलतावहिनी सांगत होत्या.
आत कनकचा गणवेश, दोन उशांचे अभ्रे, एक धोतर,
सगळं ओलंगच्च.

मी मागचा पत्रा उघडला.
हीटर धडधाकट. फ्यूज शाबूत.
जाळीतली लव काढली,
मांजराच्या पिल्लाएवढी निघाली.
मग ड्रमच्या पोटाखाली, दोन तारांच्या टोकाशी
मिऱ्याएवढा तो,
ज्याच्या शब्दावर सगळं मशीन चालतं.

हा तापला की याचा विरोध कमी होतो.
गार पडला की वाढतो.
माणसाचं उलट असतं, तेवढं लक्षात ठेव,
आयटीआयात सर म्हणाले होते.

तारा सोडवल्या, मल्टिमीटर लावला.
दोन हजार चारशे.
पुस्तकात लिहिलेलं: खोलीच्या तापमानाला दहा हजार.
मी म्हटलं, गेला. चौपट खोटं बोलतोय.

फिरके बाबा खाटेवरून उठले.
एकतीस वर्षं पॉवर हाऊसच्या कंट्रोल रूममध्ये
काट्यांपुढे बसलेला माणूस.
"कोणत्या खोलीच्या?"
म्हणजे?
"पुस्तकातली खोली किती अंशाची व माय?"
पंचवीस.
ते हसले नाहीत. भिंतीवरचा थर्मामीटर
खिळ्यावरून काढून माझ्यापुढे धरला.
चव्वेचाळीस.
"पंचवीसची खोली आपल्याकळे जानेवारीत येते,
पाहुणी म्हणून."

कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी
तक्त्यातल्या दोन आकड्यांमधून पेन्सिल सरकवत नेली:
चव्वेचाळीसला साडेचार हजार पाहिजेत.
याचे चोवीसशे. म्हणजे हा एकसष्ट सांगतोय.
"खोटारडा आहे. पण तू म्हणते तेवढा नाही."

मला राग आला. खरं तर लाज,
पण तीही तेवढीच गरम असते.
बर्फ मागितला.

स्टीलचा पेला, ताकासाठी ठेवलेला बर्फ, वर माठातलं पाणी.
सेन्सर पिशवीच्या तुकड्यात बांधून आत सोडला.
इथे आकडा तेहतीस हजारांकडे पळायला हवा.
अडीच.
तीन.
साडेतीन.
चार हजार तीनशे.
थांबला.
पेला हलवला, माझीच बोटं बधिर झाली.
चार हजार तीनशे.

बाबांनी तक्ता पाहिला. चष्मा पुसून परत पाहिला.
"पंचेचाळीस," ते म्हणाले,
"बर्फात बसून पंचेचाळीस म्हणतो हा.
पक्का भुसावळचा."

मग पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता
एका रात्रपाळीतल्या काट्याचं सांगायला लागले,
बॉयलर तापत असताना जो जागचा हलला नव्हता.
सगळे काट्याकडे पाहत होते.
यांना पायाखालच्या फरशीतून कळलं.
मग?
"मग काय. बंद केलं. साहेब ओरडले.
सकाळी राख नेहमीसारखीच पडली,
आमच्या मंडळीच्या लुगळ्यावर.
ती दोनदा झटकायची. एकदा दोरीवर, एकदा घळी घालताना."

नवा सेन्सर जळगावहून मंगळवारी येईल.
त्यांनी रेघा आखलेली वही काढली:
वेळ, आकडा, शेरा, सही.
दुपारी दोन चाळीस. बर्फात ४५. भरवसा नाही.
"कर सही. नजमा तडवी, पूर्ण लिही."
ओल्या बोटांनी केली. शाई फुटली,
आणि वही मिटायच्या आत वाळली.

कपडे तसेच होते.
वहिनींनी दारातून वारा कुठला ते पाहिलं,
आणि राखाडी रंगाचे तेवढे निवडून
दोरीवर टाकले.