सातवीच्या वहीचं पहिलं पान

कागद मुख्याध्यापकांचा आहे, छापील.
मी वाचते, तुम्ही उतरवून घ्या.
समास सोडा. शाई निळीच.
चुकलात तर एकच आडवी रेघ मारायची,
खाली काय होतं ते दिसायला हवं.
ब्लेडने खरवडायचं नाही, पान फाडायचं नाही.
हे शेवटचं कागदावर नाही,
माझं आहे.

प्रयोगशाळेत धावू नये.
प्रयोगशाळा म्हणजे ही मागची खोली,
मतदानाला पंचायत जिची किल्ली मागते.
दोन स्पिरिटचे दिवे, भिंगाला बुरशी आलेला सूक्ष्मदर्शक,
आणि बरणीतला साप,
ज्याचं तुम्ही दरवर्षी नव्याने बारसं करता.

काचेचं काही फुटल्यास पाच रुपये दंड.
डावीकडून तिसरी परीक्षानळी आधीच तडकलेली आहे,
ती कोणाच्याही हातात जाईल.
दंड मी भरेन,
पण फुटली हे तुम्ही सांगायचं, शेजाऱ्याने नाही.

कुठल्याही पदार्थाची चव घेऊ नये.
मिठाचीसुद्धा.
हसा. अर्धा आगरवाडा बसलाय समोर,
चिमूटभर जिभेवर ठेवून तुम्ही सांगाल
हे कोणाच्या आगरातलं, आणि कितव्या काढणीचं.
मला नाही येत.
मी फोंड्याची, मला सगळं मीठ खारट.

गृहपाठास उशीर झाल्यास
दर दिवशी एक गुण वजा.

लिहिलंत?

थांबा जरा.
गेल्या मार्चमध्ये बाष्पीभवन दिलं होतं तिसांना:
बशीत खाडीचं पाणी, रोज एक नोंद, पाच दिवस.
सहाव्या सकाळी एकोणतीस वह्या टेबलावर,
एकोणतीस बशांत पाचव्या दिवशी मीठ,
वाक्यही एकच, गाईडमधलं,
स्वल्पविरामासकट.
तिसावी शर्मिष्ठा नागवेकर उभी राहून म्हणाली,
टीचर, अजून जावंक ना.
मी म्हटलं, नियम ठाऊक आहे ना?

तिची वही आली तेव्हा आठ दिवस उलटले होते.
पहिला दिवस: काही नाही.
दुसरा दिवस: काही नाही. एक मुंगी.
तिसरा दिवस: आईने बशी घासली.
पुन्हा पहिला दिवस.
पाचवा दिवस: ढग होते. पाणी कालच्याएवढंच.
बाबा म्हणाले, आगरातही तसंच.
नववा दिवस: काठाला पांढरं आलं.
पुस्तकात चौकोनी म्हटलंय.
मला चौकोनी दिसलं नाही.

दहातून आठ गेले, उरले दोन.
लाल शाईत दोन लिहिले,
गोल केला, सही केली, तारीख घातली.
एकोणतीस जणांना दहा.
ती काही बोलली नाही. वही छातीशी धरून
जागेवर गेली, आणि मी
पुढचा धडा सुरू केला: चुंबक.

मे महिन्यात घरी, फोंड्याला,
मी बशी ठेवून पाहिली. उत्तरेच्या खिडकीत.
अकरा दिवस लागले.

जूनमध्ये तिची वही मागून घेतली.
दोनवर एकच आडवी रेघ मारली, शेजारी दहा.
दोन दिसतात खाली. दिसणारच.
गुणपत्रिका केव्हाच छापून गेली होती,
तिच्यावर रेघ मारायचा अधिकार मला नाही.
ती आता आठवीत आहे, भिंतीपलीकडे,
मी मोठ्याने बोलले तर ऐकू जातं तिला.

तर उशिराचा नियम आहे तसाच लिहा,
कागद माझा नाही.
खाली मात्र एक ओळ सोडा.
तिथे काय लिहायचं ते मला अजून नीट सुचलेलं नाही.
आणि 'माहीत नाही' हे उत्तर या वर्गात चालतं,
तुमचं चालतं, माझंही.

उद्या पालकांची सही हवी.
अंगठा चालेल, शाई सढळ लावा,
वर्षानुवर्षं मीठ ओढून रेषा झिजतात,
पहिल्या खेपेला ठसा उमटत नाही.
कितव्या खेपेला उमटला
ते मोजा,
आणि शेजारी आकडा लिहून आणा. खरा.