कायमचे, अंशतः

हाम्बुर्गच्या बाईंच्या पत्रात एक शब्द होता
बीमवर गुंडाळलेल्या ताण्यासारखा लांब:
उनवीडरब्रिंगलिश.
उलगडत गेलं की हाती येतं –
पुन्हा आणता न येण्याजोगं.
बाई टॉवेलांबद्दल बोलत होत्या.
कंटेनरात खारं पाणी शिरलं होतं,
नऊ हजार सहाशे नग,
हळदी रंग, काठाला मोर.

विमा कंपनी पॅरिसची, तिला सगळं फ्रेंचमध्ये हवं.
तिच्या फॉर्मवर एक चौकोन दुरुस्त होण्याजोग्याचा,
एक न होण्याजोग्याचा.
पुन्हा आणता न येण्याजोग्याला चौकोनच नाही.
मी तसं कळवलं.
उत्तर आलं: दुसऱ्या चौकोनात खूण करा,
रक्कम तीच.

रक्कम तीच.
अक्कलकोट रोडवरचं ऑफिस, त्रेचाळीस अंश,
कूलरमधलं पाणी संपून नुसता पंखा ओरडतोय.
मी खूण केली आणि लिहिलं, इरेपाराब्ल.
लिहिताना खटकलं.
मोडलेली वस्तू समोर तरी असते,
मोडलेली का होईना.
पुन्हा न आणता येणारी
कुठेतरी धडधाकट असेल,
फक्त आपल्याकडे यायची नाही.

दुपारी मल्लेशम यन्नम आला.
ते मोर त्याच्या मागावरचे,
डाव्या हाताला पाच बोटं होती तेव्हाचे.
कागद पुढे केला. "तुम्हाला लांबलांबच्या भाषा येतात,
एवढं वाचा."
कागद मराठीत होता.
मल्लेशम रोज पेपर वाचतो,
कन्ना चौकातल्या चहावाल्याकडे, जाहिरातींसकट.
'कायमचे अंशतः अपंगत्व, चौदा टक्के.'
"कायमचे कळलं. अंशतः पण कळलं.
दोन्ही एका ओळीत कसे?"

मी सांगू लागले,
कायम हे काळाचं, अंश हा शरीराचा.
तो मान तिरकी करून ऐकत राहिला,
जकार्डचा ठेका कुठे चुकतोय
ते शोधावं तसा.
"म्हणजे बोटं पूर्ण गेली
आणि मी थोडा."
असंच, म्हणाले मी. मग वाटलं, असं नाही.
पण दुसरं काही सुचलं नाही,
आणि माझी फी तर शब्दावर असते.

त्याच्या घरी एका शब्दात भागतं, पोयिंदी.
बस गेली तरी पोयिंदी, म्हातारी गेली तरी.
आमच्या शेजारच्या नीलव्वा म्हणायच्या होतु.
करंट होतु. कोंबडी होतु. जीव होतु.
कानडीत ते गेलं असतं.
मला लहानपणी वाटायचं,
त्या मराठीच बोलतायत, जरा वाकडं:
होतं म्हणतायत. होतं, इथंच होतं.
माझी ती चूक
मी अजून दुरुस्त केलेली नाही.

आणि आपण?
चौकातल्या फलकावर दर आठवड्याला
'कधीही भरून न येणारी हानी'.
फोटो तेवढा बदलतो,
बांबू तेच.

उठता उठता मल्लेशमला
टेबलावरच्या नमुन्यात सुटलेला धागा दिसला.
नसलेली बोटं आधी पुढे झाली.
धागा तसाच राहिला.
मग अंगठा नि करंगळीत धरून
त्याने गाठ मारली, दातांनी शेपूट तोडलं.
मला गाठ सापडेना.
"आहे," म्हणाला. "मला दिसते."

मी पॅरिसचा फॉर्म पुन्हा उघडला.
चौकोन तसाच ठेवला.
समासात जर्मन शब्द जर्मनमध्येच लिहिला,
खाली फ्रेंचमध्ये एक ओळ:
याला आपल्याकडे जागा नाही, तरी असू द्या.
पोच आली. त्या ओळीबद्दल कुणी काही बोललं नाही.
पैसे सप्टेंबरात आले.

हाम्बुर्गच्या बाईंचं पत्र त्याही नंतर.
टॉवेल फेकवले नाहीत म्हणे,
गावाबाहेरच्या एका तबेल्याला दिले.
घोडे पुसायला बरे पडतात.
मीठ गेलं, हळदी रंग फिका झाला,
मोर अजून दिसतात.

मी मल्लेशमला वाचून दाखवलं, सरळ मराठीत.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग विचारलं,
"घोडे कोणत्या रंगाचे?"