डक्ट

एकाच इमारतीची दोन गेटं.
त्यांच्याकडे कारंजं आणि सॅल्यूट ठोकणारा वॉचमन.
आमच्याकडे टाकीचं झाकण,
त्यावर बसलेला तोच वॉचमन, बूट काढून.

चाळ पाडताना बिल्डर म्हणाला होता,
मावशी, सगळे शेजारीच राहाल.
शेजार आहे. मधे चार फुटांची डक्ट,
तिच्यात त्यांचे पाइप, आमचे पाइप,
कबुतरं, कुणाचा तरी दात घासायचा ब्रश,
आणि आमचा वास.

पत्र इंग्रजीत होतं. नातवाने वाचून दाखवलं,
'वास'पाशी जरा थांबला.
खाली चौदा सह्या.
शेवटची फ्लॅट अकराशे दोनची, पोद्दार.
अक्षर बाईचं, पाटीवर गिरवल्यासारखं वळणदार.

मी भांडले नाही. सुके बांगडे होते सहा,
बहिणीने देवगडहून धाडलेले.
पेपरात गुंडाळून डब्यात, डबा फळीवर.
तीन बुधवार डाळभात.
हे काही बोलले नाहीत,
फक्त पापड मागत राहिले. भाजलेला.

चौथ्या आठवड्यात औषधांच्या दुकानात ती,
अकराशे दोनवाली. काळा चष्मा,
बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी, दुकानदाराशी हिंदी.
त्याची पाठ वळली तशी
काचेखालच्या बामाच्या बाटल्यांकडे बघत म्हणाली,
'सुको बांगडो भाजूचो सोडलंस काय गो?'

मला आधी कळेचना कोण बोललं.
दुकानात तिसरं कुणी नव्हतं.

'सही तुम्हीच केलीत ना?'
'सगळ्यांनीच केली.' आता मराठी पुस्तकातलं.
'बुधवारी साडेअकराला आमच्याकडे कुणी नसतं.
बाथरूमची खिडकी दोन बोटं उघडते.
पुढे काच अडकते.'
गोळ्या घेतल्या, सुटे नको म्हणाली, गेली.

नाव विचारायचं राहिलं. गाव तर राहिलंच.
कुठल्या खळ्यात वाळत घातलेली मासळी राखत
बसायची ती, हातात काठी, कावळ्यांवर डोळा,
मला काय माहीत.
लिफ्ट तिची वेगळी, माझी वेगळी.
ताटलीवर झाकण घालून गेले असते,
पण त्या गेटवर वही असते:
नाव, मजला, कामाचं स्वरूप.
काय लिहू?

तर बुधवारी साडेअकराला
मी गॅसवर जाळी ठेवते,
बाथरूमचं दार सताड उघडं टाकते.
वर कुठेतरी काच सरकते.
मग काहीच नाही. खोकलासुद्धा नाही.

दुसरं पत्र आलंय.
चौदा सह्या. तेच अक्षर.

कधी काच सरकत नाही.
घरात पाहुणे असतील, सासू आजारी असेल, कोण जाणे.
त्या दिवशी मी बांगडा उलटायला
जरा उशीर करते.