खाच

माझ्याकडे माणसं येत नाहीत, जबडे येतात.
पिवळ्या प्लास्टरचे, एसटीच्या पार्सलातून,
चोपड्याहून, सावद्याहून, पारोळ्याहून,
डॉक्टरच्या अक्षरातली चिठ्ठी रबराने बांधलेली :
वय, छटा, कुठला दात, कधी हवा.
बळीराम पेठेत, जिन्याखालच्या खोलीत
मी त्यांना उघडतो, मिटतो.
कोण डाव्या बाजूनेच चावतो, कोण झोपेत दात खातो,
कुणाची सुपारी अजून सुटलेली नाही,
एवढं कळतं. नाव विसरतो.

वडील याच बाकड्यावर नथीचे फासे ओतायचे.
तेच मेण, तोच जाळ,
मेण जळून उरलेल्या पोकळीत
धातूने जाऊन बसायचं, बस्स.
आपण पोकळीचे कारागीर, असलं काही ते कधी बोलले नाहीत.
ते म्हणायचे, घट किती आली ते लिहून ठेव.

एरंडोलचा जबडा : उखर्डू सोनवणे, बासष्ट.
वरचा, पुढचा, एक दात नाही.
शेजारचे दोन घासून बारीक केलेले.
चांगले होते बिचारे,
पण मधल्याचा भार वाहायला त्यांनाच सोलतात.
मी तिघांचा पूल केला,
कडेला जरा चहाचा रंग, वयाला शोभेल असा.
भट्टीतून निघाला तेव्हा माझा मीच खूश.

पंधरा दिवसांनी पूल परत,
रुमालात, खुद्द पेशंटच्या हातात.
दुसऱ्या काखेत मखमलीची पेटी.
बँडचा क्लॅरिनेटवाला.
"दात चांगला शेतस, भाऊ. पन सूर घसरस."
मग खिशातून कागदाची पुडी,
पुडीत त्याचा जुना दात,
खालच्या कडेला खाच, तांदळाच्या कणीएवढी.
चाळीस लग्नसराया वाद्याचं तोंड तिथेच टेकत आलं होतं.
शेजारच्या दातावरही होती ती थोडी.
घासण्याआधीच्या साच्यात मी पाहिली होती,
आणि झीज समजून भरून काढली होती.

चकती लावली. जरासं घासलं.
त्याने अंगठ्याने पूल दाबून बसवला, फुंकलं.
"आखो."
पुन्हा घासलं.
समोरच्या बांगडीवाल्याने गल्ला सोडून दारात डोकं घातलं.
"आखो थोडं."
दुसऱ्या कुणाच्या कामात एवढी खाच दिसती
तर मी ते काम परत पाठवलं असतं.
चौथ्यांदा त्याने डोळे मिटले,
एक लांब सूर काढला.
हलला नाही तो.
मांडणीवरच्या जबड्यांवरची पांढरी पूड तेवढी हलली.
"आते बसना."
दात की सूर, मी विचारलं नाही.

खाचेवर झिलई चढवून पूल दिला.
वहीत लिहिलं : सोनवणे, तीन दात. घट, एक कणी.

जुना दात तो बाकड्यावरच विसरून गेला.
डबीत ठेवलाय, येईल तेव्हा देईन.
वैशाखात एक वरात पेठेतून गेली,
हातातली कुंचली तशीच धरून मी बाहेर आलो.
नुसता बेंजो, आणि टेम्पोवर चढवलेले भोंगे.
ते वळेपर्यंत थांबलो.
मग आत येऊन यावलचं पार्सल फोडलं.