नदीवरची तारीख

सकाळी साडेसहाला फोन लावायचे
आणि सांगायचं, आज नदीवर अठराशे सत्याऐंशी आहे.

एवढंच. पलीकडच्याला कळतं.
सत्याऐंशीनंतर ज्यांनी ज्यांनी पाट खणले
त्यांनी दारं पाडावीत,
आधीच्यांनी पीत राहावं.
मेलेल्या माणसांच्या तारखा मी रोज
जिवंत माणसांना वाचून दाखवते.
याचा मला पगार मिळतो.

डोंगरात यंदा बर्फ सरासरीच्या त्रेसष्ट टक्के.
त्यातलाही बराचसा एप्रिलच्या वाऱ्यानं
पाणी होऊ न देताच उचलून नेला.
माझ्या तक्त्यात हे एका रकान्यात मावतं.

वर सलायडाचे होडीवाले म्हणतात, सातशे क्युसेक तरी सोडा,
खडकांची पाठ उघडी पडलीय, गिऱ्हाईक परत जातंय.
मासे काही म्हणत नाहीत.
त्यांच्या वतीनं एक वकील म्हणतो, सविस्तर.
दीडशे मैलांवरचं शहर, ज्यानं ही नदी पाहिलेलीही नाही,
बोगद्याला तोंड लावून बसलंय.
आणि खाली सीमेवर कॅन्सस,
कोर्टाचा कागद हातात घेऊन,
पाहुण्यासारखं नाही, वसुलीला आल्यासारखं.

मधे हे ला हुंटा. धूळ, धान्याचे मनोरे,
आणि रुळांपलीकडे खरबुजांची शेतं.

मारिसेला आर्चुलेटाचा पाट एकोणीसशे आठचा.
पणजोबानं एकवीस वर्षं उशीर केला, ती म्हणते,
वाटेत खेचर लंगडलं असेल
किंवा बायको बाळंत झाली असेल.

तिचं दार मीच पाडते.
चाक फिरवायचं, साखळी, कुलूप, वर नारिंगी चिठ्ठी.
वेल ऐन फुलावर.
तिच्या बुटांना चिखल, गुरुवारपर्यंत ज्याची खापरं होतील.
"नीट वाचलंस ना? सत्याऐंशीच?"
वाचलं.
मग ती गाडीतून बाटली काढून मला पाणी देते.
ते कुठल्या खोऱ्यातलं, कुठल्या सालचं,
लेबल आम्ही दोघीही वाचत नाही.

आमच्याकडे याला दारं धरणं म्हणतात, मी तिला सांगितलं होतं एकदा,
रात्रभर फावडं घेऊन
या वाफ्यातलं पाणी त्या वाफ्यात वळवणं.
ती म्हणाली, तू तर नुसती पाडतेस.

रस्त्यापलीकडे डेल्बर्ट ऑस्ट्रँडर.
त्याचा हक्क अठराशे चौऱ्याहत्तरचा. त्यानं पाणी विकलं शहराला.
जमीन नाही, नुसतं पाणी,
जसं कुणी घर ठेवून दरवाजा विकावा.
पण करारात एक कलम आहे.
पाणी जाण्याआधी शेतात मूळचं गवत रुजलं पाहिजे,
नाहीतर धूळ उडेल, कुंपणं बुडतील.
आणि गवतही बिनपाण्याचं रुजत नाही.
म्हणून तीन वर्षं, जमीन कायमची कोरडी करण्यासाठी,
तिला रोज पाणी द्यायचं.

एक्याऐंशी वर्षांचा डेल्बर्ट काठोकाठ भरलेल्या पाटावर उभा,
फावडं टेकून,
कुणीच खाणार नाही असं गवत
पोरासारखं भिजवतोय.
हात वर करतो तो मला. मीही करते.
मारिसेला करत नाही.

रस्त्याखाली जुनी मोरी आहे, फुटकी.
त्याच्या बाजूचं पाणी तिच्या बाजूला झिरपतं,
बोटभर धार,
चारीतून थेट पहिल्या सरीपर्यंत.
नियमानं मी ती लिहायला हवी.
तक्ता मांडीवर होता, पेन खिशात.
मी धार पाहिली.
मी पाहिलं हे तिनं पाहिलं.

मग गाडी सुरू केली. मागे धूळ.
उद्या बहुतेक चौऱ्याऐंशी.