पाव फेरा

कुर्गानच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
क्लावदिया सिस्टरने दहा नंबरचा पाना माझ्या हातात ठेवला.
"सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, झोपताना.
दर वेळी पाव मिलिमीटर. जास्त नाही."

तीस वर्षं ट्रॅक्टर खोलतोय मी,
नट कसा आवळायचा ते मला शिकवू नका.
पण ही माझ्या रेजेदाची नडगी,
पोलादी कड्यांत धरलेली, गुडघ्याखाली मुद्दाम तोडलेली,
आणि इथे आवळायचं नाहीच काही.
दोन टोकं एकमेकांपासून लांब न्यायची,
इतकी हळू, की त्यांना पत्ता लागू नये.

तिसऱ्या रात्री मी दोनदा फिरवला.
पोर उशी चावत राहिली.
सकाळी डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत,
सूक्ष्मदर्शकापाशी घेऊन गेल्या.
"हे वाढत्या सशाचं हाड. टोकाशी ही कूर्चा,
हिच्यात रक्ताचा थेंब नाही.
पेशी रांग लावतात, फुगतात, रक्ताला हाक मारतात.
केसाहून बारीक वाहिनी येऊन पोचते
तोवर त्यातल्या बऱ्याच संपलेल्या.
त्यांच्या रिकाम्या खोल्यांतून ती आत शिरते,
मागून हाड बांधणारे गवंडी.
तुमच्या मुलीच्या फटीतही तसंच, आधी रक्त, मग हाड.
घाई केलीत तर रक्त पोचत नाही.
आळस केलात तर हाड मिटून बसतं."

मी काचेतून बराच वेळ डोळा काढला नाही.

इथल्या यादीत नाव रेजेदाच्या आईने घातलं होतं.
नंबर लागला या मार्चमध्ये.

फुटणं म्हणजे मोडणं, एवढंच ठाऊक होतं मला.
इंजिनाचा ब्लॉक फुटतो,
एप्रिलात तोबोल नदीवरचा बर्फ फुटतो, रात्रभर आवाज.
आज नव्या एक्स-रेत, काळ्या फटीत,
राखाडी धागे दिसले, उभे,
मी ओढतोय त्याच दिशेने सगळे.
त्यांच्या आधी तिथून रक्त गेलं होतं,
त्याला वाट फुटली होती.

डाव्या बुटाखाली मी ठोकलेला लाकडी तळ आहे.
खिडकीपाशी बसून चाकूने तासतो,
दहा दिवसांनी एक बोट.
भुसा वर्तमानपत्रावर पडतो, क्लावदिया कुरकुरते.

"एती," पोर म्हणते, "सहा वाजले."